डाव्या बगलेची शिलाई

ऐतिहासिक नाटकाचे कपडे म्हटले की आमच्याकडे साटीन आणि जर. बेळगावहून भाड्यानं पेटी यायची आणि तिच्यातून निळे, जांभळे, चमचमणारे मावळे बाहेर पडायचे. रामनगरच्या जत्रेत पुढच्या रांगेत बसून मी दरवर्षी नाकं मुरडायची. तीस वर्षं मशीनवर बसलेली बाई मी, दुसऱ्याच्या कपड्याला नावं ठेवणं हा माझा हक्कच आहे असं मला वाटायचं. डोंगरातून धावणारा माणूस साटीन घालून धावेल का, हे मी इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं बोलले, की तीन वर्षांमागं नाटकवाले दारातच येऊन उभे राहिले. "अक्का, लई बोलतीस न्हवं? मग औंदा तूच बेत."

माझी जिरली खरी, पण कबूल कोण करणार? "बेतते की," म्हणाले.

बारा बंद्या शिवायच्या होत्या. बंदी म्हणजे बटणांऐवजी बंदांनी बांधायचा, कमरेपर्यंतचा अंगरखा. चित्रं बघून तशी कुणीही शिवेल, पण चित्रात बगल दिसत नाही, आणि सगळी गोम बगलेत असते. मला खरी, जुनी, कुणाच्या तरी अंगावर झिजलेली बंदी हवी होती. ब्लाउज टाकायला आलेल्या एका बाईनं सांगितलं, गुंद गावात अमक्या घरात एक आहे, शिमग्याला काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

घरात दोघंच होती, म्हातारी आई आणि तिचा चाळिशीचा मुलगा. मुलगा भातखाचरावर गेला होता. म्हातारीनं आधी चहा केला, मग माझी सगळी चौकशी केली, आणि मग ट्रंकेतून पंच्यात गुंडाळलेली बंदी काढून माझ्या मांडीवर ठेवली. जाडं हातमागाचं कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं. शिमग्याला त्या घरचा कर्ता पुरुष ती घालून देवासमोर गाऱ्हाणं घालतो, दोन्ही हात वर करून. आणि त्या घरची रीत अशी, की नवी सून आली की तिच्या पहिल्या शिमग्याआधी बंदीची जी शिवण उसवली असेल ती तिनं हातानं शिवायची. गळा म्हातारीचा होता. पाठ तिच्या सासूची.

"आणि ही डावी बगल माज्या सुनंची," ती म्हणाली. सून लग्नानंतर दोन वर्षांनी तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. "फोटो हायत तिचे मोबाईलात. पर हातचं म्हणशील तर एवढंच ऱ्हायलंय. न्हे तू, बाय. पर उसवू नको हां. एक टाकाबी न्हाई."

"नाही हो मावशी, उसवायचं काय काम?" मी म्हणाले. तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले.

जुना कपडा न उसवता त्याचा नमुना उतरवायची रीत आहे, आणि ती मला चांगली येते. खाली घोंगडी, तिच्यावर खाकी कागद, कागदावर कपडा. शिवणीवरून टाक्याटाक्याला टाचणी टोचत जायचं. कपडा उचलला की कागदावर भोकांची रांग उरते. ती पेन्सिलीनं जोडली की नमुना तयार. पाठ, पुढचे भाग, बाह्या सगळं झकास उतरलं. बगलेत मात्र अडलं. बंदीच्या बगलेत एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला असतो, हात वर केला तरी कापड ताणू नये म्हणून. उजव्या बगलेची भोकं जिथं होती, तिथून डावीची अर्धा इंच खाली आली. कागद सरकला असेल म्हणून दुसरा घेतला. पुन्हा तेच.

आता मला चैन पडेना. नमुना चुकला तर बाराच्या बारा बंद्या चुकणार, आणि जत्रेत लोक मला हसणार. तुकडा सुटा करून कागदावर सपाट पसरला की कळलं असतं. उजव्या बगलेचा दोरा जुना, कापडात रुतून बसलेला. तो काढताना कापडच आलं असतं. डावीचा दोरा त्या मानानं नवा, सुईच्या टोकानं अलगद निघणारा.

मी विसरले होते असं सांगायला मला आवडलं असतं. पण विसरले नव्हते. डावी बगल कुणाची ते मला पक्कं आठवत होतं. टाका तो टाका, मी तिच्यापेक्षा चांगला घालून देईन, म्हातारीला आता दिसतंय तरी किती, असा हिशेब करून मी सुई घातली. दोरा सरसर निघाला.

कागद सरकला नव्हता. पोरीनंच तुकडा वाकडा बसवला होता. एका बाजूला टाके तांदळाच्या दाण्याएवढे, दुसऱ्या बाजूला हे लांब लांब, मध्ये एके ठिकाणी एकात एक अडकलेले. मला हसू आलं, हे खरंच सांगते. मग नमुन्यात मी ती चूक सुधारली. आणि बंदी परत शिवतानाही सुधारली. वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात, तसे ते शिवशिवले. दोन्ही बगला सारख्या केल्या, जुन्यासारखा दिसावा म्हणून कोऱ्या सुताचा दोरा चहाच्या पाण्यात बुडवून घेतला, आणि बारीक, एकसारखे टाके घातले. खाली पडलेला दोरा चिंध्यांबरोबर झाडून न्हाणीच्या चुलीत टाकला.

नाटक गाजलं. मावळे मावळ्यांसारखे दिसले, तलवार उगारली तरी कुणाची बगल फाटली नाही. लोक माझ्याकडे वळून बघत होते. मी बंदी परत नेऊन दिली तेव्हा म्हातारीनं ती न उघडताच ट्रंकेत ठेवली आणि मला शिमग्याचं आमंत्रण दिलं.

गेले नसते तर बरं झालं असतं. पण न जाण्याला कारण काय सांगणार? देवासमोर माणसं जमली होती. मुलगा बंदी घालून पुढं झाला आणि त्यानं गाऱ्हाणं घालायला दोन्ही हात वर केले. दोन्ही हात सारखे वर गेले. गाऱ्हाणं झाल्यावर तो माझ्याजवळ आला, तोंडभर हसत. "अक्का, काय जादू केलीस? धा वर्सं झाली, डावा हात वढायचा. वर जायाचाच न्हाई. औंदा बघ की!" आणि त्यानं परत हात वर करून दाखवला.

म्हातारी माझ्या शेजारीच उभी होती. ती मुलाच्या हाताकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"धुतल्यावर कापड सैल पडतं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "पडत असंल." आणि मला जेवायला वाढलं, आग्रह करकरून. ती चार शब्द रागानं बोलली असती तर मी सुटले असते, असं मला बसमध्ये वाटलं, आणि असं वाटल्याची पुन्हा वेगळी लाज वाटली.

पुढं दीड वर्ष मी गुंदच्या बाजूला फिरकले नाही. मग गणेशगुडीच्या एका रिसॉर्टवाल्यानं दारावर पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या माणसांसाठी बंद्या मागितल्या. मी नमुन्याची गुंडाळी सोडली, तर आतून तो पहिला कागद निघाला. नुसत्या भोकांचा. उजेडासमोर धरला तर डावी रांग अर्धा इंच खाली, वाकडी, जशीच्या तशी. पोरीचं शिवणं त्यात होतं. मी कागद हातात धरून रडले. मापं सांगायला आलेला रिसॉर्टवाला तसाच परत गेला.

कागद घेऊन मी गुंदला गेले आणि म्हातारीला सगळं सांगितलं. वचन आठवत असताना उसवलं, हेही सांगितलं. ती बराच वेळ कागदावर बोट फिरवत होती. जिथं टाके एकात एक अडकले होते तिथं बोट थांबलं. "हितं सुई टोचली व्हती तिला. मला म्हणाली, आत्ती, तुमीच शिवा. मी न्हाई म्हटलं." मग तिनं मान वर केली. "दोरा कुठं हाय?"

"न्हाणीच्या चुलीत गेला, मावशी."

ती उठली. मला वाटलं, आता हाकलेल. तिनं ट्रंकेतून बंदी काढली, सुईदोरा आणला आणि माझ्यापुढं ठेवला. "ह्या भोकांवरनं शिव. व्हती तशी."

मी माझी शिलाई उसवली आणि ओसरीवर बसून भोकांबरहुकूम शिवायला घेतली. जमेना. लांब टाका घालायचा म्हटलं तर चारही लांब टाके एकसारखे पडत. वाकडं जायचं ठरवून गेले तरी ते वाकडंसुद्धा नीटनेटकं. उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं. तीस वर्षांचा हात माझं ऐकेना. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं शिवणीवरून बोट फिरवलं आणि सुई माझ्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे, बाय. तिच्यागत तुला न्हाई जमायचं."

बंदी तिनं मला परत माझ्या सरळ शिलाईतच शिवायला लावली. कागद तिनं ठेवून घेतला, घडी घालून, ट्रंकेत.

यंदाच्या शिमग्याला मी बोलावणं नसताना गेले आणि गर्दीत मागं उभी राहिले. म्हातारीनं मुलाला सांगितलं असणार. तो पुढं झाला, गाऱ्हाणं घालायला त्यानं हात वर केले. बंदी आता कुठं ओढत नाही, ताणत नाही, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी उजवा हात पूर्ण वर गेला, आणि डावा त्यानं खालीच ठेवला.