कुंकू लावलेली कुऱ्हाड

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. दोनदा झाला. पहिला विजयादशमीच्या सकाळी, हिमालयातल्या एका शिखराखाली, ऊन बर्फावर यायच्या आत. दुसरा तिच्या तेराव्याला, म्हैसुरात, मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी, पानं वाढून झाली होती तेव्हा. पहिल्यात तिचा जीव गेला. दुसऱ्यात तिच्या नावावर एक खोटं चिकटवलं गेलं, आणि ते आमच्या वडिलांनी, अप्पांनी, खरं मानलं.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून ती वाटतो. देवापुढे हात जोडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तेच आडवं आलं.

आमचं घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं. फौज गेली, तलवार राहिली. अप्पा लॉरीच्या गॅरेजात मेकॅनिक होते. आयुधपूजेला, म्हणजे नवमीला, त्या तलवारीशेजारी त्यांचे पाने, जॅक, हातोडी असं सगळं मांडलं जातं. कुंकू, झेंडू, उदबत्ती. मांडलेलं आयुध दशमीच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. पण काम अडलं तर सूट आहे. कुणाची लॉरी रस्त्यात बंद पडली की अप्पा चामुंडीच्या तसबिरीला हात जोडायचे, कानडीत आईला म्हणतात तसं "तायी, जरा वेळ दे" म्हणायचे, आणि पाना उचलून चालू लागायचे. हे मी लहानपणापासून पाहिलंय. अक्कानंही पाहिलं होतं.

अक्का बोगादीच्या एका शाळेत खेळाची टीचर. चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्या पाठीवर तांदळाची पिशवी बांधून चढायची. बायका विचारायच्या, कसला नवस गं? ती म्हणायची, बर्फाचा. हे शिखर नुसतं चालत जायचं नव्हतं. वरती बर्फाची उभी भिंत, दोराला अडकवून घेऊन, बुटांना लोखंडी दात्यांचे क्रॅम्पॉन लावून चढायची. म्हणून गाइड देणाऱ्या एका कंपनीच्या मोहिमेत तिनं नाव घातलं, आणि सोबतीला मलाही ओढलं. माझी पोच मला माहीत होती. बेस कॅम्पवरच डोकं असं ठणकायला लागलं की मी वर जाणार नाही हे ठरलं.

नवमी बेस कॅम्पवर आली. तो दिवस आरामाचा, निघायचं दशमीला, असं मोहिमेच्या म्होरक्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. निघण्याआधी अक्कानं अप्पांना शब्द दिला होता, की तुम्ही तलवार मांडाल त्याच वेळी मी माझी कुऱ्हाड मांडीन. तिनं तंबूपुढे एका सपाट दगडावर बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉनची जोडी मांडली, घरून आणलेलं कुंकू लावलं. तुकडीतल्या एकानं आपला चमचा पुढे केला, मॅडम, आमचं हत्यार हेच, याचीही पूजा होऊ दे. तिनं चमच्यालाही कुंकू लावलं आणि सांगितलं, आता उद्यापर्यंत हातानं जेव.

दुपारी म्होरक्याचा बेत फिरला. हवा चांगलीच होती. त्याच कंपनीची दुसरी तुकडी मागून येत होती आणि वरच्या कॅम्पचे तंबू तिच्यासाठी रिकामे करायचे होते. आत्ताच निघा, उद्या पहाटे शिखर, असं तो तंबूतंबूतून सांगत फिरला.

अक्का दगडापाशी गेली. वाकली. हात जोडले. "तायी, जरा वेळ दे," म्हणाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तिनं कुऱ्हाडीला हात घातला, तोच म्होरक्या मागून आला. राहू दे, म्हणाला, आता ते पुसणार, बांधणार, उशीर होतो. माझ्याकडे जादा कुऱ्हाड आहे, क्रॅम्पॉनची जोडीही आहे, अगदी अशीच. तिनं क्रॅम्पॉन बुटाला लावून बघते म्हटलं. तो म्हणाला, वर गेल्यावर बघ.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "आयतु, झालं तर मग, चल. अप्पांना सांगू, आपली कुऱ्हाड दशमीपर्यंत हलली नाही. खूश होतील."

तिचं माझ्याशी हेच शेवटचं बोलणं.

भिंत ती चढली. भिंतीवर दोर होता. वरचा उतार सोपा म्हणून तिथं दोर लावलाच नव्हता. त्या उतारावर डाव्या पायाचे दाते बुटावरून निसटले. मागून चढणाऱ्यांनी ते पाहिलं, आणि खाली आल्यावर मला रडत रडत सांगितलं. तिला आणलं तेव्हा तिच्या डाव्या बुटाला काही नव्हतं. उजव्या बुटाचे दाते मी हातानं हलवून पाहिले. ते बसलेच नव्हते. बूट एका मापाचा, दाते दुसऱ्या. दगडावर तिची स्वतःची जोडी तशीच होती.

तेराव्याला म्होरक्या घरी आला. ती कुऱ्हाड, ती जोडी, कुंकवासकट, पिशवीतून घेऊन. अप्पांसमोर बसला आणि म्हणाला, आम्ही फार विनवलं, पण पूजेचं सामान उचलायला त्या तयारच झाल्या नाहीत. श्रद्धेचा प्रश्न होता, आम्ही मान राखला.

मी उठलो, ओरडलो. मामांनी मला धरून बाहेर नेलं. अप्पांनी एवढंच विचारलं, "पूजा नीट केली होती तिनं?" तो हो म्हणाला. अप्पांनी त्याला हात जोडले.

मी अप्पांना खरं सांगितलं. एकदा नाही, रोज. तिनं हात जोडले, तायी म्हणाली, कुऱ्हाडीला हात घातला, म्होरक्यानंच थांबवलं. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "तू पत्रकवाला रे. मला बरं वाटावं म्हणून सांगतोस. ती तायी म्हणाली म्हणे. तुला काय ठाऊक तायी?" मी देव मानत नाही, म्हणून माझी साक्ष चालत नाही. तो म्होरक्या टिळा लावून आला होता.

पुढच्या नवमीला सगळ्या गल्लीत रिक्षांना केळीचे खुंट बांधले होते, रस्त्याभर कोहळे फुटले होते. आमच्या घरी तलवार पेटीतच. शेवटी मीच पाट मांडला. तलवार काढली, पाने काढले, तिची कुऱ्हाड शेजारी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा कुंकवाचा करंडा हातात घेऊन अप्पांपुढे उभा राहिलो.

"नको रे," ते म्हणाले. "आता आणखी कुणाला मारू?"

करंडा मी परत जागेवर ठेवला.

त्या तुकडीतल्या लोकांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुम्ही बूट बांधत तिथंच बसला होतात. चमचेवाल्या, तू तर हाताच्या अंतरावर होतास. तुम्ही तिला वाकताना पाहिलंत, म्होरक्यानं तिला थांबवलं ते ऐकलंत. कंपनीशी पुन्हा जायचंय म्हणून गप्प आहात, हे मला कळतं. आणि तुम्ही बाकीचे, लग्नाच्या पंगतीत आयुधपूजेनं पोर गेली असं हळहळून सांगणारे, ते सांगणं बंद करा. पण तुकडीवाल्यांनो, तुम्ही या. अप्पा थकलेत. येत्या नवमीपूर्वी मंडी मोहल्ल्यात या, त्यांच्यासमोर बसा, आणि तिनं कुऱ्हाडीला हात घातला होता हे तुमच्या तोंडानं सांगा.