चाचा आभार मानायला यायचे

दसरा झाला की आमच्या वस्तीवरची घरं एकामागून एक बंद व्हायची. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या कोरड्या रानात त्यानंतर पोटापुरतंही काही हाती लागत नसे. आई-बाबा ऊसतोडीला निघायचे, मी आणि धाकटा भाऊ आत्याकडे राहायचो. ते परत येईपर्यंत मी एकाच गोष्टीला भ्यायचे... कोयत्याला. ऊस एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने बुडावर घाव घालायचा. धरणारा हात घावापासून जेमतेम वीतभर लांब. आई येईल तेव्हा तिचे हात कसे असतील, या विचाराने वर्गात उभं केलं की पाठ असलेले पाढे विसरायचे.

त्या कोयत्यांना धार लावणारे, दांडा बसवून देणारे तिसगावच्या बाजारातले बाबूचाचा शिकलगार तीन महिन्यांपूर्वी गेले. सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला, “ताई, अब्बा गेले.” माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तसंच सोडून मी निघाले. त्यांच्या घरी चाचींजवळ बसले तेव्हा बाहेर माणसं जमत होती. बहुतेक आमच्यासारखीच, वस्त्यांवरची.

ऊसतोडीच्या टोळ्या गुढीपाडव्याच्या सुमाराला परतल्या की चाचा दोन-तीन दिवस दुकान बंद ठेवायचे आणि सायकलवरून वस्त्या फिरायचे. दारात उभे राहून म्हणायचे, “आमचा कोयता वापरलात, मेहरबानी.” आमच्याकडे आभार मानायची रीत नाही. घरच्या माणसाचे मानले तर तो म्हणतो, मी काय परका आहे का. आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या दारात येऊन आभार मानायचे, हे तर कुणी ऐकलंही नव्हतं. बाबा चेष्टा करायचे, “इकत घेतलाय बाबूभाई, आंदन न्हाई दिला तू. मेहरबानी कसली?”

“धड परत आलास ना, त्याची.”

हे बोलताना त्यांची नजर तोंडाकडे नसायची. हातांकडे असायची.

मी सातवीत होते त्या वर्षी आई डाव्या हाताची दोन बोटं गमावून आली. दांडा ढिला झाला आणि पातं निसटलं. बाबा आल्यापासून धुमसत होते. “येऊ दे त्या बाबूभाईला. आता मीच करतो मेहरबानी.” सायकलची घंटा वाजली तेव्हा मी भिंतीला चिकटले. बाबांच्या हातात तोच कोयता होता. चाचा नेहमीसारखे दारात आले, त्यांनी आईचा हात पाहिला आणि अंगणात खालीच बसले. मग बाबांपुढे हात केला, कोयता मागितला. बाबांनी तो दिला कसा, मला आजही कळलेलं नाही. चाचांनी दांडा चाचपला. मग पुन्हा चाचपला. ते लाकूड त्यांचं नव्हतंच, हे मला बाबांची मान खाली गेली त्यावरून समजलं.

“जुना मोडला,” बाबा पुटपुटले. “उसाच्या फडातच बसवला दुसरा.”

‘मग माझ्यावर कशाला डोळे काढतोस’, असं चाचा म्हणू शकले असते. ते म्हणाले, “फडात मोडला तर कसा बसवायचा, हे मी तुला शिकवलंच न्हाई. धार दिली आन् मोकळा झालो.”

आई आतून म्हणाली, “भाऊ, तुमी आलात तरी. टोळीचा मुकादम बघायबी आला न्हाई.”

त्या वर्षीपासून कोयता घेणाऱ्या प्रत्येकाला चाचा समोर बसवून दांडा काढायला आणि पाचर मारून परत बसवायला लावायचे. गिऱ्हाइकं वैतागायची. “चाचा, कोयता इकता का परीक्षा घेता?”

पण आमच्या घरात खरी भीती पुढच्या दसऱ्याला आली. तोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि आमची जोडी मोडली होती. आईच्या जागी मला न्यायचं म्हणून बाबा मला घेऊन चाचांच्या दुकानात गेले, माझ्या मुठीच्या मापाचा दांडा मागायला. चाचांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“हिच्या मापाचा माझ्याकडं न्हाई.”

“मग बनव.”

“न्हाई बनवनार. दुसरीकडं मिळंल तुला. पन पाडव्याला हिचे हात बघायला मी कुठल्या तोंडानं येऊ?”

बाबा मला घेऊन माघारी फिरले. त्या वर्षी ते एकटेच खडी क्रशरवर गेले आणि मी शाळेत. पुढे नगरला राहून बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे मी कुणी न विचारताही सांगते.

मग तिसगावात कडबाकुट्टीचं, म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायच्या मशीनचं दुकान टाकलं. “बाई मशीन इकती व्हय? चालवून दाखव की!” असं म्हणणाऱ्यांना चालवून दाखवलं. पात्यांना धार चाचाच लावून द्यायचे, आणि दर वर्षी विचारायचे, “जाऊन आलीस का गं, मशिनी नेल्या त्यांच्या घरी?” मी म्हणायचे, दिवाळीला सगळ्यांना मोबाईलवर आभाराचा मेसेज पाठवते, गुलाबाच्या फुलासकट. ते हसायचे, “मोबाईलवर हात दिसतात का, बेटा?”

खरं सांगते, मी जात नव्हते कारण मला भीती वाटायची. चारा सारणारा हात आणि फिरणारं पातं... दारात गेले आणि नको ते दिसलं तर? शेवटच्या भेटीत, खाटेवर पडल्या-पडल्या, चाचांनी पुन्हा तेच विचारलं. मी पहिल्यांदाच कबूल केलं. ते म्हणाले, “मी काय भीत नव्हतो? दर दारात भ्यायचो. आभार मानायचे म्हून जायचो. नुसतं विचारायला जायची माझी हिंमत न्हवती.”

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी निघाले. पहिलंच घर मंदावहिनींचं, माझ्याकडून मशीन नेऊन दोन वर्षं झालेली. गोठ्यात मशीन उभं होतं आणि चारा सारायच्या तोंडावरचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं. वहिनींनी चहा डाव्या हाताने दिला. उजवा पदराखाली.

“वहिनी, हात दाखवा.”

“काय न्हाई वो. शेंडा गेला नुसता बोटाचा.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी एवढं गुलाबाचं फूल पाठवता दर दिवाळीला... कसं सांगायचं?”

झाकण काढू नका असं मशीनसोबतच्या कागदावर छापलेलं होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. म्हणाले, “झाकण काढलं तर काय होतं, हे मी तुम्हाला दाखवलंच नव्हतं.” मग म्हटलं, “आमचं मशीन घेतलंत वहिनी, मेहरबानी.”

त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला. मग म्हणाल्या, “हिरवी मका अडकती वो त्या झाकनात, म्हून काढलं. शेजारी जा आता. त्यांनीबी काढलंय.”

मी शेजारी गेले. मग पुढच्या वस्तीवर. मका न अडकता जाईल असं लांब तोंड आणि त्यावर कायमचं झाकण करून घेतलं, वेल्डरला सोबत घेऊन घरोघर फिरले. दारात पाऊल टाकताना वाटणारी भीती शेवटपर्यंत गेली नाही. आणखी एका घरात जखम निघाली. तिथेही आधी आभार मानले, मग ऐकून घेतलं.

गेल्या आठवड्यात शेवटचं घर झालं. माझ्या दुकानातून गेलेल्या एकूण एक मशीनला आता न निघणारं झाकण बसलेलं आहे.