आठवड्याला वीस तास

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचं घर सोडलं त्या सकाळी ड्राइव्हवेमध्ये आठ-दहा जण उभे होते. मैत्रीण माधुरीने थालीपिठांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लोक हनिमूनला जातात गं हवाईला, तुम्ही पन्नाशी उलटल्यावर चाललात!" सगळे हसले. माझा नवरा शिरीष सगळ्यात मोठ्याने हसला. समोरच्या जोशीकाकांनी बजावलं, "समुद्र दिसेल अशी एक खोली आमच्यासाठी राखून ठेवा, जानेवारीत येतो." मी किल्ल्या एजंटला दिल्या आणि गाडीत बसले. रडायला वेळ नव्हता. नेवार्क विमानतळाच्या रस्त्याला ट्रॅफिक असतो.

मिरजेहून पहिल्यांदा अमेरिकेला निघाले तेव्हा बाबा स्टेशनवर म्हणाले होते, "जमलं नाही तर परत ये, घर आहेच." या वेळी असं म्हणणारं कुणी नव्हतं. घर विकून टाकलं होतं.

जाण्याचं कारण साधं. शिरीषला छप्पन्नाव्या वर्षी लेऑफ मिळाला आणि आठ महिन्यांनी एकच ऑफर आली: हवाईतल्या एका बेटावरच्या हॉस्पिटलची कम्प्युटर सिस्टिम बदलायची, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. मी औषधांच्या लॅबमधली माझी नोकरी सोडली. इथे येऊन चौथ्या महिन्यात ते कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल झालं. ईमेल तीन ओळींची होती.

तुम्ही, माझी जुनी मंडळी, मी टाकलेले फोटो बघून खाली 'पॅरडाइज' लिहिता. फोटो खरे आहेत, पण ते मी मधल्या तासाभराच्या उघडिपीत काढते. बेटाच्या आमच्या बाजूला पाऊस थांबतच नाही. चामड्याच्या पर्सला आठवड्यात बुरशी येते, भिंतीवर मिरजेसारख्याच पाली असतात आणि मीठ कायम ओलं. याचं मला काही वाटत नव्हतं. मला फ्रिजची भीती वाटायची.

फ्रिजमध्ये शिरीषची इंजेक्शनं असतात. त्याला संधिवात आहे. दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन घेतलं तर तो तुमच्या-आमच्यासारखा दिसतो. चुकलं तर बोटं सुजतात, मनगट वळत नाही, सकाळी अंथरुणातून उठवावं लागतं. विमा नसेल तर हे औषध आमच्यासारख्यांनी विसरावं. कॉन्ट्रॅक्टबरोबर विमा गेला. सरकारी विम्याचा अर्ज केला, तो 'पेंडिंग'. फ्रिजमध्ये दोन इंजेक्शनं उरली होती.

इथे एक नियम आहे: आठवड्याला वीस तास काम करणाऱ्याला मालकाने विमा द्यायचा. त्यात नवऱ्यालाही घालता येतं. मग मी वीस तासांच्या मागे लागले. कॉलेजच्या लॅबमध्ये जागा भरणं थांबवलं होतं. फार्मसीत म्हणाले, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड. हॉटेलवाल्यांनी आठवड्याला अठरा तास देऊ केले. अठराच का, ते मला कळलं, त्यांनाही ठाऊक होतं. मुलगी सई अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला असते; ती रोज फोन करायची. "आई, जस्ट कम हिअर ना. बेसमेंट रिकामंच आहे." मी म्हणायचे, बघते. फोन ठेवला की गाडीत बसून राहायचे, काचा वर करून. शिरीषसमोर तसं बसता येत नव्हतं.

मग शाळांना जेवण पुरवणाऱ्या एका किचनची पाटी दिसली: मदतनीस हवी, वीस तास. मी ब्लेझर घालून गेले. चार पानी रेझ्युमे नेला. किचनची मालकीण मोमी, पांढऱ्या केसांची, खुर्चीत बसून पानं निवडत होती. मी ताठ उभी राहून हात पुढे केला: "हाय मोमी, नाइस टु मीट यू!"

किचनमधल्या तिघी-चौघींचे हात थांबले.

"इथे तुझ्या ओळखीचं कोण आहे?" तिने विचारलं.

"कुणीच नाही," मी अभिमानाने सांगितलं. "स्वतःच अप्लाय केलंय."

"वी कॉल यू," ती म्हणाली आणि पुन्हा पानं निवडायला लागली. रेझ्युमे टेबलावरच राहिला. फोन आला नाही. एक इंजेक्शन संपलं.

तीन आठवड्यांनी शेजारची ग्रेस, इथेच जन्मलेली, कुंपणाशी भेटली. मी सगळं सांगितलं, तशी तिने तोंडावर हात ठेवला. "तू तिला मोमी म्हणालीस? नुसतं मोमी? अख्खं गाव तिला आंटी म्हणतं. पोलीससुद्धा! तुमच्या देशात आंट्या नसतात का?"

आमच्या देशात! मला हसू आलं आणि लगेच आई आठवली. आई म्हणायची, "हाक मारायची ती नात्याने. नावं पोस्टमनला लागतात." गल्लीत मला काकू, मावशी, आत्या सोडून एक बाई माहीत नव्हती. अमेरिकेत पहिल्या नोकरीत साहेबांना 'सर' म्हटलं तर ते हसले, म्हणाले, मला नावाने हाक मार. जीभ वळत नव्हती. आरशासमोर उभी राहून मी सराव केला, आणि चोवीस वर्षांत तो असा पक्का झाला की माझ्याहून मोठ्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात मी नावाने हाक मारली. आईने तिथल्या तिथे थोबाडीत दिली असती.

"सॉरी म्हणायला जा," ग्रेस म्हणाली, "आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

अंगणात पडलेले नारळ होते. वड्या केल्या, ब्लेझर घरी ठेवला. दाराशी चपला काढल्या आणि म्हणाले, "आंटी, मी त्या दिवशी चुकले. आमच्याकडेही असं करत नाहीत. मी शिकलेलं विसरले."

तिने वडी तोंडात टाकली. "टू स्वीट," म्हणाली आणि दुसरी उचलली. "वीसच तास का पाहिजेत तुला? सगळ्यांना चाळीस लागतात."

मी रेझ्युमेत नसलेलं सगळं सांगितलं. फ्रिज, इंजेक्शन, शिरीषची बोटं. अमेरिकेत आल्यापासून कुणाकडे कामासाठी असं रडगाणं गायले नव्हते. इथे आपलं दुःख ऑफिसात न्यायचं नसतं, असं मीच नव्या मुलींना शिकवायचे. माझा आवाज फाटला आणि मी तो फाटू दिला.

"सोमवारी सहाला ये," आंटी म्हणाली. "आणि त्या जाकिटात येऊ नको. भीती वाटते."

मी आता अळूच्या पानांचे देठ सोलते. ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या पानांत हे लोक डुकराचं मांस बांधून वाफवतात. तेही मी बांधते. मिरजेत हे कुणी वाचलं तर माझ्या आत्याला सांगू नका.

पण विमा सलग चार आठवडे कामाचे तास भरल्यावर सुरू होतो. हे मला नोकरी लागल्यावर कळलं. दुसरं इंजेक्शन गेल्या महिन्यात संपलं. एक चुकलं, दुसरं या शुक्रवारी चुकेल. आज सकाळी शिरीषच्या शर्टाची बटणं मी लावली. तो म्हणाला, "अजून बारा दिवस. निघतील." मी मान वळवून त्याचे बूट शोधायला लागले. मला खात्री नाही. एखादी सुट्टी मध्ये आली, तास कमी भरले, कागद अडला, तर काय करायचं ते मला माहीत नाही.

पहिल्या दिवशी एक फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना होता: काही झालं तर बेटावर कुणाला कळवायचं? वेस्ट विंडसरमध्ये चाळीस नावं लिहिली असती. इथे पेन तसंच धरून बसले. सई विमानाने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. आंटीने फॉर्म ओढला, आपला नंबर लिहिला आणि नात्याच्या रकान्यात 'आंटी' लिहून कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "चल, पानं धू," म्हणाली.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं वाटतं? मिरजेतलं भावाचं आहे, न्यू जर्सीतलं परक्याचं, इथलं भाड्याचं. मला एवढंच सांगता येतं की मी किचनमध्ये कोसळले तर ज्या बाईला फोन जाईल, ती पलीकडच्या टेबलाशी बसलेली असते, आणि शिरीषला सांगायला ती स्वतः गाडी काढून जाईल.