देवीदासभाऊ समोर उभे राहायचे

देवीदासभाऊंच्या हातून ब्रेकच्या लाईनमध्ये हवा राहिली नव्हती. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे, आणि मी ते आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, गॅरेजात नाही, खुद्द भाऊंनाही नाही. भाऊ आता नाहीत. त्यांना ओळखणारी माणसं मात्र चिखलीत पुष्कळ आहेत. त्यांतल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल, माणूस तयारीचा होता, पण शेवटी हातून चूक झाली. म्हणून आधी माणूस सांगतो. चूक कोणाची होती ते ओघानं येईलच.

गॅरेज मेहकर रस्त्याला. आधी ते एकट्या भाऊंचं होतं, मी त्यांच्याकडे कामाला लागलो आणि पुढे भागीदार झालो. भाऊ अंगानं आडवे, आवाज मोठा, मिशांना मेंदी. कपाळावर अष्टगंध आणि बोटांवर ग्रीस, दोन्ही दिवसभर जिथल्या तिथे. नम्रता त्यांच्या गावीही नव्हती. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला बसायला खुर्ची मिळण्याआधी हे ऐकायला मिळायचं, "या चिखलीत ब्रेक समजनारा मानूस एकच हाय, न् तो तुमच्यासमोर उभा हाय."

हे समोर उभं राहणं नुसतं बोलण्यातलं नव्हतं. ब्रेकचं काम झालं की भाऊ शेडपुढच्या मोकळ्या जागेत चुन्याची फक्की टाकून आडवी रेघ ओढायचे आणि रेघेच्या पलीकडे हाताची घडी घालून उभे राहायचे. मग गाडी त्यांच्यावर आणायची. हळू नाही, चांगली दुसऱ्या गिअरमध्ये, आणि रेघेवर थांबवायची. ज्यानं पॅड बसवले त्यानं चालवायचं, असा नियम. पॅड बहुतेक मीच बसवायचो, त्यामुळे चालवायचोही मीच. गाडीचा मालक डोळे मिटून घ्यायचा. शेजारचा पानठेलेवाला हातातलं पान तसंच ठेवून बघायचा. भाऊ जागचे हलायचे नाहीत. ते गाडीकडे बघतच नसत, माझ्या तोंडाकडे बघत असत.

मी एकदा म्हणालो होतो की भाऊ, हा जिवाशी खेळ आहे, रस्त्यावर नेऊन पाहू की. त्यावर त्यांचं उत्तर असं, "लोकं आपल्या बायकापोराईले घेऊन या गाडीत बसून राह्यले, न् आपुन तिच्यासमोर उभं नाही राह्यचं? काऊन बे? आपला जीव का सोन्याचा हाय?"

ब्रेकच्या बाबतीत त्यांचे हट्ट होते. पॅड बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. एकाच चाकाचे बदलून द्या म्हणणाऱ्याला ते विचारायचे, "नवरीच्या एकाच डोयात काजय घालता काय हो तुमच्याकडं?" पण पॅड ही सोपी गोष्ट. झिजले की काढले, नवे घातले. खरा प्रश्न त्यामागच्या डिस्कचा. चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी थाळी, जिला पॅड दोन्हीकडून चिमटा घेतात. जुन्या पॅडनी तिच्यावर चरे पाडलेले असतात. ती तशीच ठेवायची, लेथवर घासून सपाट करायची, की फेकून नवी घालायची, हे ठरवावं लागतं. भाऊ उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवून ठेवायचे. डिस्कवर मधून कडेकडे नख ओढायचे, कान देऊन, जसं काही ती बोलणार आहे. "नख घसरलं त राहू दे. नख अडलं त लेथ. नख बसलं त भंगार." हा त्यांचा कायदा, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. बहुतेक वेळा. पण वय वाढलं तसं भाऊंचं नख जरा जास्तच अडायला लागलं होतं. दिसेल ती डिस्क लेथवर पाठवायचे. लेथवर घासली की डिस्क पातळ होते, आणि एका मर्यादेपलीकडे पातळ झालेली डिस्क तापते, तडकते. मी हे बोलून दाखवलं की म्हणायचे, "तू मले शिकवून राह्यला का?"

त्या दिवशी सुलतानपूरचा एक जीपवाला आला होता. दुपारी वऱ्हाड घेऊन जायचं होतं त्याला. सकाळी भाऊंनी स्वतः जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, चारी चाकांच्या ब्रेक लाईनमध्ये अडकलेली हवा काढली; ती राहिली तर पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. हे काम ते कोणाला देत नसत. मग मी पुढची चाकं उतरवून जुने पॅड काढले. भाऊंनी नख फिरवलं आणि म्हणाले, लेथ. मी हात फिरवला. बारीक रेघा होत्या, बाकी काही नाही. शिवाय ती डिस्क आधी एकदा घासलेली दिसत होती. आणखी घासली तर तिच्या कडेवर कोरलेल्या कमीत कमी जाडीच्या मापाच्या खाली गेली असती. मी तसं सांगितलं. भाऊ चिडले. जीपवाल्यासमोर म्हणाले की ह्याला पाना धरायला मी शिकवला. जीपवाल्याला वऱ्हाडाची घाई, त्यानं माझी बाजू घेतली. म्हणाला, गजाननभाऊ म्हणतात तसंच करू.

आपल्या गॅरेजात आपल्यापेक्षा माझं ऐकलं जातंय, हे भाऊंसाठी नवीन होतं. मग म्हणाले, "बसव मंग. मी जाऊन उभा राह्यतो."

मी पॅड बसवायला घेतले. आता एक गोष्ट वाचणाऱ्याला सांगायला हवी. नवा पॅड जाड असतो. तो बसावा म्हणून त्याला मागून रेटणारा पिस्टन दाबून आत ढकलावा लागतो. त्यामुळे काम झाल्यावर पेडल पोकळ असतं. पहिल्यांदा दाबलं तर थेट खाली जातं, ब्रेक लागतच नाही. गाडी जागची हलवण्याआधी ते पाच-सहा वेळा मारून कडक करून घ्यायचं असतं. गॅरेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी हजारदा केलेलं आहे.

त्या दिवशी केलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की लेथशिवाय गाडी रेघेवर कशी नेमकी थांबते ते ह्यांना दाखवायचं. चाकं आवळली, जॅक काढला, चढलो, गाडी सुरू केली आणि शेडमधून सरळ बाहेर काढली.

भाऊ रेघेपलीकडे उभे होते. त्यांच्या मागे कोणाची तरी ट्रॅक्टरची ट्रॉली लावलेली होती. मी रेघेच्या अलीकडे पेडल दाबलं, ते खाली गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडावर जे दिसलं असेल त्यानंही ते हलले नाहीत. मग ब्रेक लागला, चांगला करकचून लागला, पण तोवर बंपर आणि ट्रॉलीच्या मध्ये भाऊंचा गुडघा होता.

बुलढाण्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर होते. पायात सळई बसवलेली. शांतावहिनी, भाऊंच्या पत्नी, उशाशी बसल्या होत्या. भाऊ वर पंख्याकडे बघत होते. बराच वेळ हिशेब करत असावेत, मनातल्या मनात ते काम परत एकदा करत असावेत. मग मला विचारलं, "गजा, पेडल मारलं होतं ना बे?"

मी म्हणालो, "हाव भाऊ. मारलं होतं."

एवढंच. का म्हणालो, याचा विचार मी इतकी वर्षं केला आहे. वहिनी समोर होत्या म्हणून. आदल्या दिवशी भाऊंनी जीपवाल्यासमोर माझा पाणउतारा केला होता म्हणून. डिस्कबद्दल मी बरोबर होतो, आणि ते बरोबर असणं मला हातचं घालवायचं नव्हतं म्हणून. यातलं एकही कारण पुरेसं नाही.

भाऊंनी मान हलवली. माझ्यावर अविश्वास त्यांना सुचलाच नाही. म्हणाले, "मंग हवा राह्यली असन. हवा त म्याच काढली."

पुढे ते काठी घेऊन गॅरेजात यायला लागले, पण ब्रेकला हात लावला नाही. अंगठ्याचं नख कापून टाकलं. रेघ ओढणं बंद झालं. हळूहळू त्यांचा स्वतःवरचा भरोसाच गेला. कुलूप लावून निघाले की वाटेतून परत येऊन ओढून बघायचे. इंजिनाचा नट आवळला की मला बोलवायचे, बाबा तू एकदा पाह्य. ज्या माणसानं चिखलीत कोणाचं ऐकून घेतलं नाही तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागला, "ब्रेक गजाननले दाखवा. माह्या हाताचं काही खरं नाही." मी शेजारीच पाना घेऊन उभा असायचो. गिऱ्हाइकं माझ्याकडे वळायची. आज या भागात ब्रेकसाठी माझं नाव घेतात ते असं झालेलं आहे.

मग त्यांनी आपला हिस्सा मला देऊन टाकला आणि दुसरबीडला, गावी, राहायला गेले. वहिनींना ते गाव नको होतं. चिडल्या की त्या भाऊंना बोलायच्या, मी ऐकलं आहे. बढाया मारून स्वतःच्याच चुकीसमोर जाऊन उभे राहिलात, म्हणायच्या. भाऊ ऐकून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात भाऊ अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी सांगायचं ठरवून गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. भाऊ ओसरीत खाटेवर होते, मिशा पूर्ण पांढऱ्या झालेल्या. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवसाचं थोडं बोलायचं होतं."

त्यांनी हात वर केला. "राहू दे ना बे. तुहं मोठेपन हाय का तू एकदाही मले तोंडावर बोलला नाही, का भाऊ, तुमच्या हातानं झालं म्हनून. दुसरा असता त गावभर सांगत फिरला असता." मग म्हणाले, "डिस्क चांगली होती. तू बरोबर होता."

यावर मी काय केलं? चहा प्यालो. निघताना त्यांच्या पाया पडलो, आणि त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. गाडीत बसल्यावर परत फिरावं असं वाटलं. फिरलो नाही. पुढच्या आठवड्यात येऊ, तेव्हा सांगू, असं स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यात भाऊ गेले.

तेरवीला मी पंगतीत वाढत होतो. वहिनी आलेल्या बायकांना सांगत होत्या की शेवटच्या दिवसांतही ह्यांचा अंगठा चादरीवर सारखा फिरत होता, काय चाचपत होते कोणास ठाऊक. मला ठाऊक होतं. वहिनी पुढे म्हणाल्या, "आपल्या हातानं आपलं वाटोळं केलं त्यायनं, दुसऱ्याले काय बोल लावाचा." मी हातातली बुंदीची बादली घेऊन पुढच्या पानाकडे गेलो.

आता वहिनींना सांगितलं तर काय होईल, हे मी जाणतो. ज्या चुकीवरून त्या नवऱ्याला इतकी वर्षं बोलल्या ती त्याची नव्हतीच, हे त्यांना कळेल, आणि माफी मागायला माणूस उरलेला नाही. माझ्यासारखंच होईल त्यांचं. त्यामुळे गप्प राहणं ही त्यांच्यावर दयाच आहे, असं मी काही दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. मला भीती वाटते, एवढंच खरं आहे.

भाऊंचं जे देणं होतं ते आता फिटणार नाही. शांतावहिनींचं अजून फेडता येईल. दुसरबीडला जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून मला सांगायचं आहे की हवा राहिली नव्हती, पेडल मी मारलं नव्हतं, आणि दवाखान्यात मी खोटं बोललो. ते मी अजून सांगितलेलं नाही.