डाव्या टाचेची उंची

जनकोजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अंबत्तूरच्या खोलीत तो आधी मुलीच्या, जयवंतीच्या, डाव्या पायाला तेल चोळायचा. लहानपणच्या तापात तो पाय वाळला, आखूड राहिला. आई त्याआधीच गेलेली. चोळून झालं की गाडी धरून शहरात, पेरियमेटला, बुटांच्या कारखान्यात.

तिथे तो बायकांच्या बुटांच्या लाकडी टाचा घडवायचा. मी त्यांवर चामडं चढवायचो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. काम दिसतं तेवढं सोपं नाही. नंबर बुटाची लांबी सांगतो; टाच किती उंच, बैठक किती रुंद, उतार कसा, हे कारागिरानं बघायचं. नंबर विलायती, पाय इथल्या बायकांचे. जन्मभर अनवाणी चाललेले, पुढे पसरट, मागे अरुंद. सूतभर चुकलं तर बाई पुढे झुकते. जनकोजीची टाच परत आलेली मी पाहिली नाही.

जयवंतीला स्थळ आलं. मुलगा आवडी गावातल्या कारखान्यात कामाला. जनकोजीनं पायाचं लपवलं नाही. मुलाचे मामा म्हणाले, "फरक असू दे. चालताना दिसायला नको."

तेव्हापासून जनकोजी दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून मुलीचा जोडा घडवू लागला. डावी टाच उंच, उजवी बसकी. डाव्याचा तळही उचलला, आत बूच भरलं. मनासारख्या न झालेल्या टाचा स्वतःच फोडल्या.

"राणीचा जोडा घडवतोस काय रे?" मी म्हणालो.

"राणीला नवरा कसाही मिळतो. माझ्या पोरीला चालून दाखवायचंय."

जोडा झाल्यावर तो घालून जयवंती कारखान्याच्या अंगणात चालून गेली. लंगडणं दिसेना.

"अप्पा, मागून बघा," ती हसत म्हणाली, "कोण चाललंय ओळखा!"

मुलगी कुठे बघायची, ते मामांनी जनकोजीवर सोडलं. त्यानं देऊळ निवडलं. रस्ता खडबडीत, देवळाची फरशी सपाट, चाल शोभेल. कारखान्यात कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. आमच्या लेखी पाय म्हणजे बुटातला पाय.

मलाही सोबत नेलं होतं. गोपुरापाशी मामांनी चपला काढल्या. मुलानं काढल्या. जयवंती थांबली.

"अप्पा, काढू?"

तिनंच खाली बसून बंद सोडले, जोडा भिंतीशी नीट लावला आणि आत गेली. सपाट फरशीवर लंगडणं जास्तच दिसलं.

प्रसाद घेताना मामा म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो. कळवतो."

काही कळवलं नाही.

जनकोजी दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. टाचा घडवल्या. एकही बिघडली नाही.

लग्नासाठी बाजूला टाकलेल्या मजुरीतून पुढे त्यानं जयवंतीला शिवणयंत्र घेतलं. दुकानदार पायाचं दाखवत होता. जनकोजीनं हाताचं घेतलं.