मी ओ दिली

घुगऱ्यांचं ताट दोन्ही हातांत होतं आणि मी ओ दिली.

बारसं होतं. बंगळुरात बसवनगुडीतल्या त्या जुन्या घराचा हॉल बायकांनी भरलेला. पाळण्याला शेवंतीच्या माळा. बाळाची आत्या पाळण्यात वाकली, कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, हसाहशी झाली. मग ती सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते नाव मोठ्याने बोलली.

ते माझं नाव होतं.

"ओ!" मी दारातून म्हटलं. खणखणीत.

विचार करून नाही. विचार केला असता तर जीभ चावली असती. त्या घरात कामाला लागून वर्षं झाली होती आणि त्या नावाने मला तिथे कुणी एकदाही बोलावलं नव्हतं. मग अचानक ते नाव उठलं, आणि लहानपणी आईने हाक मारल्यावर जशी तोंडून जायची तशी ओ गेली.

सगळ्या वळल्या. आधी हसल्या. मग बाळाच्या बापाची आई, म्हणजे आमच्या अक्कांच्या विहीणबाई, भुवया चढवून म्हणाल्या, "ही कशाला ओ देते?"

"माझं नाव..." एवढंच मी बोलले.

हसू थांबलं. विहीणबाई अक्कांकडे वळल्या. "कामाच्या बाईचं नाव? आमच्या मुलाने किती शोधून काढलं हो ते. कुणाचंच नसेल असं पाहिजे म्हणून."

अक्का म्हणजे घरच्या मालकीणबाई. बाळ त्यांच्या लेकीचं, ती व्हाइटफील्डला कंपनीत, बाळंतपणाला माहेरी आलेली. अक्का हसत हसत माझ्याजवळ आल्या आणि माझा दंड धरला. "नाही हो. काहीतरी वेगळंच ऐकू आलं असेल तिला. ही आमची येल्लू." मग मला म्हणाल्या, "सांग ग. सगळ्यांना सांग, तुझं नाव काय."

बोटं दंडात रुतलेली. घुगऱ्यांची वाफ तोंडावर.

मी म्हटलं, "येल्लू."

"बघा," अक्का म्हणाल्या.

झालं. सगळं परत सुरू झालं. मी घुगऱ्या वाटल्या, एकेकीच्या ओंजळीत. वाटायला हात कमी पडले म्हणून त्या दिवशी ताट माझ्याकडे आलं होतं, एरवी खाण्याला माझा हात लागू द्यायचे नाहीत. बायका बाळाचं नाव घेऊन घेऊन पाळणा म्हणत होत्या आणि दर वेळी माझ्या घशाशी ओ येत होती. मी ती गिळत होते. उलटी गिळावी तशी.

येल्लू कोण, ते सांगते.

अक्कांच्या सासूबाई लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा भांडी घासायला येल्लम्मा नावाची बाई होती. ती थकून गेली. तिच्या जागी दुसरी आली. तिचं नाव काही वेगळं होतं, पण घराच्या जिभेला येल्लू बसलेलं. मग तीही येल्लू. मग एक तमिळ बाई आली, येल्लू. रायचूरकडची आली, येल्लू. मागच्या मोरीचं नाव येल्लूची मोरी. जिन्याखालच्या चटईचं नाव येल्लूची चटई. आणि मागच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूने, कडेला चेपलेला एक स्टीलचा पेला. येल्लूचा पेला. त्यात चहा वरून ओतायचा, भांडं पेल्याला लागू द्यायचं नाही. त्या सगळ्या बायकांचे ओठ त्या पेल्याला लागून गेले. नाव एकीचंही राहिलं नाही. पेला राहिला.

मी उदगीरकडची. सातवीला शाळा सुटली, लिहिताना चुकत असेन. नवरा यशवंतपूरच्या बाजारात पोती उचलतो. तिथे त्याला 'ए मराठी' म्हणतात. आम्ही इथे उतरलो तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिला शिकले तो हेसरु. हेसरु म्हणजे नाव. नळावर, दुकानात, शेजारी, जो तो आधी तेच विचारायचा, हेसरु एनु? मी सांगायचे. त्यांना ते नीट म्हणता यायचं नाही. पण म्हणायचे.

मग कळलं, बसवनगुडीत एका घरी मराठी बोलणारी बाई पाहिजे, स्वयंपाकाला. अक्कांची माणसं कित्येक पिढ्या बंगळुरातली, पण घरात अजून मराठी. मी दारात उभी राहिले. आतून कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "अरे, पाणी तापलं का बघ." एवढंच. पण ते मराठीत होतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आपली माणसं भेटली.

आपल्या माणसांनी नाव नाही विचारलं. "आडनाव काय ग?" विचारलं.

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

अक्का उंबऱ्यातून एक पाऊल मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. स्वयंपाकाचं राहू दे. भांडी, केर, बाथरूम कर. आणि आमच्याकडे येल्लू म्हणतात हं. घरात सगळ्यांना सोपं पडतं."

मी मान हलवली. काम मिळत होतं.

आणि अक्का वाईट नव्हत्या, हे पण लिहायला पाहिजे. माझ्या मुलीला त्यांनी जवळच्या शाळेत घालून दिलं. मोठ्या बाई त्यांच्या ओळखीच्या, एक शब्द टाकला, काम झालं. सणाला साडी, ताप आला तर गोळी. मी उपकार मानणारी बाई आहे. रोज मानत होते. आणि रोज भीत होते. कप फुटेल, उशीर होईल, तोंडून काही जाईल आणि मुलीची शाळा सुटेल. माझी सुटली तशी. येल्लू म्हटलं की ओ द्यायला मी त्या भीतीतच शिकले.

पण माझं नाव असंतसं आलेलं नव्हतं.

माझ्या बापाचं नाव कचरू. आमच्याकडे पोरगं झालं की गावातल्या मोठ्या घरी जाऊन नाव विचारायची रीत होती. आज्याने ओसरीच्या खाली उभं राहायचं. वरून नाव पडायचं. पडेल ते उचलायचं. बापाच्या वेळी कचरू पडलं, चुलत्याच्या वेळी धोंड्या. चांगलं नाव मागितलं तर ऐकायला मिळायचं, "मग आमच्या पोरांना काय ठेवायचं?" बाप म्हणायचा, "मला कुणी नावानं बोलावलं ना, की माझा मलाच वास यायचा."

मी झाले तेव्हा बाप कुठल्याच ओसरीला गेला नाही. विहारात भंतेजींनी सांगितलेल्या गोष्टीतलं एक नाव त्याच्या मनात बसलं होतं, ते ठेवलं. मोठ्या घरच्यांनी रस्त्यात अडवून विचारलं, "कचऱ्या, पोरीचं नाव कुणाला इचारून ठेवलं?"

बाप म्हणाला, "तिच्या आईला."

त्या वर्षी त्याला गावात कुणी कामाला बोलावलं नाही. पुढे माझ्या लग्नात सासरच्या एकदोन बायकांनी नवं नाव ठेवायचं काढलं, तेव्हा हाच बाप मांडवात उठून उभा राहिला. "पोरगी देतो. नाव तिचं तिच्यापाशी राहील." त्याने मला कधी अर्ध्या नावाने हाक मारली नाही. आजही फोनवर आख्खं नाव घेतो, शिवारात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ते नाव मी दंडावरच्या पाच बोटांना भिऊन टाकून दिलं. घुगऱ्यांबरोबर वाटून टाकलं.

पाहुणे गेले. मी मोरीवर भांडी घेऊन बसले होते. अक्का मागच्या दारात आल्या, हातात एक खण. पाळण्याच्या माळा सोडून आणल्या होत्या, त्या दुसऱ्या हातात.

"घे. वेळ सांभाळलीस."

मी हात पुसले. घेतला. घ्यायची सवयच होती.

"आणि ऐक. आता ते नाव बाळाचं झालं. तू बाहेर पण नको सांगत बसू. विहीणबाई फार बारीक बघतात." मग हसून म्हणाल्या, "तुमच्यात असली नावं कधीपासून ठेवायला लागले ग?"

मी पुढचं भांडं ओढलं.

त्या माळा गुंडाळत होत्या. "तुझी मुलगी स्वल्प मोठी झाली की पाठव हाताखाली. तिलाही येल्लूच म्हणू. आम्हाला नवं शिकायला नको."

गमतीत म्हणाल्या. मनात काही नव्हतं. तेच जास्त लागलं. रागाने बोलल्या असत्या तर रागातलं म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी माझ्या पोरीचा जन्म ठरवून टाकला तो फुलं गुंडाळता गुंडाळता, मायेने.

मला ओसरी दिसली. मी न पाहिलेली, आज्याच्या वेळची. तीच ओसरी, तसंच कुणीतरी वर, तसंच कुणीतरी खाली. नाव वरून पडणार आणि आम्ही उचलणार. फरक एवढाच की माझा बाप तिथून निघून गेला होता, आणि मी गाडीत बसून, एवढ्या लांब येऊन, आपली माणसं आपली माणसं करत परत तिच्याच खाली उभी राहिले होते.

खण चटईवर ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधून हाक आली. "येल्लू!"

मी भांडी घासत राहिले.

"येल्लू! ए येल्लू!"

नळ सोडलेला होता. बंद केला, म्हणजे ऐकू येत नाही असं कुणाला वाटायला नको.

अक्का मागच्या दारात आल्या. "अय्यो, कान गेले काय ग?"

"कान आहेत." मी उठून उभी राहिले. शूर बाई नाही मी. "येल्लू माझं नाव नाही. काल मी खोटं बोलले. तुमचा मान राहावा म्हणून बोलले. आता नाही बोलणार."

"मग? काय, बाळाच्या नावाने हाक मारू तुला? बाळाला आणि तुला एकच नाव?"

"माझं आधीचं आहे."

त्यांना ते खरंच कळलं नाही, असा चेहरा. मग लाल झाला. "मुलीला शाळा कुणी मिळवून दिली? विसरलीस?"

"नाही विसरले. मरेपर्यंत नाही विसरणार. पण शाळेच्या बदल्यात नाव देईन असं बोलणं नव्हतं झालं."

"बोलायला चांगली शिकलीस."

"बोलता पहिल्यापासून येत होतं, अक्का. तुम्ही आडनावावरच थांबलात."

"उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि मुलीच्या शाळेचं तुझं तू बघ."

मी हात धुतले. खिडकीतला चहाचा पेलाही विसळून हातात घेतला. अक्का घाईने म्हणाल्या, "पेला ठेव तो. पुढच्या येल्लूला लागेल."

पुढची येल्लू. ती अजून दारात आली नव्हती. कुठल्या गावची, काय बोलणारी, बापाने काय नाव ठेवलेली, कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ती येल्लू झालीसुद्धा होती.

पेला मी खिडकीत ठेवला नाही. स्वयंपाकघराचा उंबरा मी त्या घरात कधी ओलांडला नव्हता. तो ओलांडला. फळीवर त्यांचे पेले पालथे घातलेले होते, एकसारखे, चकचकीत. त्यांच्या मधोमध तो चेपलेला पेला ठेवला. "आता ह्याला काय म्हणायचं ते ठरवा," म्हटलं, आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. मागच्या नाही.

दुपारी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी गेले. अक्कांनी ओळख करून दिली तेव्हापासून शाळेतही मी येल्लूच. मुलीच्या बाईंनी हात केला, "येल्लू अम्मा."

"नन्न हेसरु येल्लू अल्ला," मी म्हटलं. माझं नाव येल्लू नाही. मग माझं नाव सांगितलं. आख्खं, बाप घेतो तसं. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं.

बाईंनी मुलीचा हात माझ्या हातात दिला. "सरी," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या सरीचा अर्थ काय, मोठ्या बाईंना अक्कांचा फोन आला का, जूनमध्ये मुलीला पुढच्या वर्गात बसू देतील का, मला अजून माहीत नाही. बसू दिलं नाही तर मी त्या फाटकाशी बसेन.

घरी जाताना मुलीने विचारलं, "आई, तुला येल्लू का म्हणायचे?"

मी म्हटलं, "मी ओ द्यायची म्हणून."

नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते आता त्या बाळाचंही आहे, आणि तिने माझं काही बिघडवलेलं नाही. तिने ते खुशाल वापरावं. पण मी माझं सोडणार नाही.

सध्या काम शोधते आहे. दोन घरांतून परत आले. दार उघडलं की विचारतात, तुला काय म्हणायचं? मी नाव सांगते. पुरतं. मग थांबते. समोरच्या तोंडून ते एकदा ऐकते.

ऐकलं तर चप्पल काढते. नाही तर तशीच जिना उतरते.