आबा आणि अंतराळवीर

हृदय जपा, व्यायाम करा, असं सांगणाऱ्या पत्रकावर मी अंतराळवीराचा फोटो टाकला होता. अंतराळात वजनच जाणवत नाही, म्हणून तो स्वतःला पट्ट्यांनी बांधून रोज धावतो आणि डॉक्टर त्याचं कोलेस्टेरॉलसुद्धा तपासत राहतात. पांडेसऱ्यातल्या कापड मिलच्या गेटवर पत्रकं वाटली. एक घरी आबांना, माझ्या वडिलांना दिलं.

आबा त्याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर बारा तास उभे असतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्यात.

"घामात निघी जास सगळी चरबी," ते म्हणाले. "चरबी शेठले ऱ्हास, माले कशानी?"

"आबा, रक्तातली चरबी घामानं जात नाही."

"मंग त्या फोटोवालाले सांग, मन्ही एक पाळी कर. मंग मी पळसू."

आई हसली. मला संताप आला, पण कोणावर काढू? त्या एका माणसाचं हृदय जपायला डॉक्टरांची फौज आहे. आबांना दवाखान्यात "चालत जा" एवढंच सांगतात.

आज सकाळी पाण्याची बादली वर आणताना आबा छाती धरून जिन्यातच बसले. "गॅस शे," म्हणाले. दवाखान्यात चला म्हणून मी हात धरला, तो सोडवून ते पाळीवर गेले.